दोन शॉट : पबमधल्या फाउलची प्रमाणमीमांसा

इंग्लंडातल्या पबमध्ये पूलचे टेबल बहुधा सर्वांत अडचणीच्या कोपऱ्यात असते. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृहाचे दार, आणि टेबल डगमगू नये म्हणून एका पायाखाली बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा दुमडून सारलेला. या टेबलावर न्यायदान कसे चालते, हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय. विषय क्षुल्लक आहे असा आक्षेप येईल. आक्षेपकाने आपला एक पौंड टेबलात घालावा, समोरच्याने ‘टू शॉट्स’ म्हटल्यावर कारण न विचारता बाजूला व्हावे, आणि मग आक्षेप घ्यावा.

प्रथम साधनसामग्री. टेबल सहा किंवा सात फुटी. सात लाल, सात पिवळे, एक काळा, एक पांढरा, असे एकूण सोळा बॉल. पांढऱ्याने मारून आपल्या रंगाचे सात घालायचे आणि शेवटी काळा. काळा अवेळी गेला की डाव गेला. इथवरचे शास्त्र शाळकरी पोराला पाच मिनिटांत कळते. पुढचे सगळे गूढ टेबलाच्या पोटात आहे. नाणे घालून खटका आत ढकलला की बॉल गडगडत खाली येतात. खेळताना खिशात गेलेला बॉल मात्र पोटात जमा होतो, तो पुढचे नाणे पडेपर्यंत बाहेर येत नाही. अपवाद एकट्या पांढऱ्याचा. रंगीत बॉल २ इंच व्यासाचे असतात, आणि पबमधला पांढरा त्यांच्यापेक्षा सहसा १/८ इंचाने लहान. एवढ्या, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरच्या फरकावरून यंत्र त्याला ओळखते, वेगळ्या वाटेने काढते आणि खडखडाट करत टेबलाच्या तोंडाशी आणून सोडते. पबच्या न्यायव्यवस्थेत निःपक्षपाती असा हा एकच घटक, आणि त्याला आकाराखेरीज काही कळत नाही.

आता दंडविचार. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण डोंबिवलीच्या एका चाळीत, कॅरमच्या बोर्डावर झाले. कॅरममध्ये दंड वस्तुरूप असतो. स्ट्रायकर खिशात गेला की आपण घातलेली एक सोंगटी काढून मध्यात ठेवायची. घातलेलीच नसेल तर ड्यू अंगावर राहतो, आणि पुढे कधी सोंगटी पडली की समोरचा सावकारी आवाजात ‘ड्यू भर’ म्हणतो. हे जमते, कारण कॅरमच्या जाळीत हात जातो. पबच्या टेबलात हात जात नाही. गेलेला बॉल पौंडाच्या कुलपात असतो, तो परत मागता येत नाही. दंड वस्तूत वसूल होत नसेल तर तो वेळेत वसूल करावा लागतो. म्हणून इथे फाउल करणाऱ्याची पाळी जाते आणि समोरच्याला एकाऐवजी दोन शॉट मिळतात. नाणे खाणाऱ्या यंत्राने एक अख्खी दंडसंहिता घडवली, असा आमचा सिद्धान्त आहे. तो आजवर दुसऱ्या कोणी मांडलेला आमच्या वाचनात नाही. तो चुकीचा आहे, हेही त्याचे कारण असू शकेल.

या भेदाचे ज्ञान आम्हांस पहिल्याच संध्याकाळी झाले. आमचे लाल होते. आम्ही नेम धरून एक सुंदर पिवळा घातला आणि हसून बाजूला झालो. कॅरममध्ये समोरच्याची सोंगटी आपल्या हातून पडली तर पाळी जाते, बाकी काही होत नाही. उलट ‘घे, तुझे काम मी केले’ असा थोडा मोठेपणाही मिरवता येतो. समोरचा गृहस्थ पेशाने प्लंबर होता. त्याने दोन बोटे वर केली. इंग्लंडात दोन बोटे कोणत्या बाजूने वर केली यावर बरेच अवलंबून असते, असे आम्ही ऐकून होतो; म्हणून आम्ही आधी बोटांची बाजू तपासली. तळहात आमच्याकडे होता. म्हणजे शिवी नव्हती, निकाल होता.

पण दोन शॉट म्हणजे नेमके किती? मीमांसकांत दोन पंथ पडतात ते इथे. पहिल्या पंथाच्या मते दोन शॉट म्हणजे दोन पाळ्या. पहिल्या पाळीत बॉल पडत गेले तर ती चालू राहते. चुकली की दुसरी सुरू. म्हणजे शिल्लक मागील पानावरून पुढे ओढली जाते. पबच्या भाषेत शॉट ‘कॅरी’ होतात. दुसऱ्या पंथाच्या मते पहिल्याच शॉटला बॉल पडला की जादा शॉटचे प्रयोजन संपले. आता पहिल्या चुकीला बसायचे. तिसरा एक उपपंथ म्हणतो की कॅरी होतात, पण काळ्यावर फक्त एकच शॉट. लीगसाठी नियम छापलेले असतात. ‘ब्लॅकबॉल’ नावाच्या नियमावलीत तर दोन शॉटांऐवजी एक मोकळा शॉट आणि मग एक पाळी अशी व्यवस्था आहे, आणि त्या मोकळ्या शॉटला समोरच्याच्या बॉलला आधी स्पर्श झाला तरी चालतो. पण छापील पुस्तक पबमध्ये दाखवणे म्हणजे पंगतीत आहारशास्त्र काढणे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी देशाचाराला मान दिला होता. पबमध्येही स्थानिक आचारच खरा. एका पबमधला आचार रस्त्यापलीकडच्या पबमध्ये पाखंड ठरतो.

यावर उपाय एकच, आणि तो नाणे घालण्याआधी करायचा. विचारून घ्यावे : शॉट कॅरी होतात का? काळ्यावर किती? फाउलनंतर पांढरा आहे तिथूनच, की रेषेमागे आणता येतो? काळ्यासाठी खिसा सांगावा लागतो का? ब्रेकलाच काळा गेला तर डाव संपला, की बॉल पुन्हा लावायचे? हे प्रश्न पौंड पडण्याआधी विचारले तर जिज्ञासा, नंतर विचारले तर रडीचा डाव. आम्ही दोन्ही वेळांना विचारून पाहिले आहेत.

नियम ठरले, तरी फाउल झाला हे कळणार कसे? पंच नसतो. काउंटरमागची बाई ग्लास भरण्यात गुंतलेली असते आणि रामशास्त्री बाण्याचा कोणी असलाच तर तो दुसऱ्या टोकाला फुटबॉल पाहत असतो. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चारही या टेबलाला लावून पाहू.

प्रत्यक्षाबद्दल फार बोलायला नको. पांढरा खिशात गेला, किंवा बॉल टेबलावरून उडून सिगारेटच्या जुन्या यंत्राखाली गडप झाला, की तिथे वादाला जागा नसते. दोघे मिळून गुडघ्यांवर बसायचे आणि बॉल शोधायचा.

अनुमान अवघड. अनुमानाचे पाठ्य उदाहरण म्हणजे पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. इंग्लंडात १ जुलै २००७ पासून पबमध्ये धूम्रपानबंदी आहे, तेव्हा विद्यार्थ्याला धुराचा आधार उरला नाही. बॉलच्या चालीवरूनच निष्कर्ष काढावा लागतो. समजा, पांढरा लाल बॉलपासून बोटभर अंतरावर आहे आणि खेळणाऱ्याने क्यू सरळ आत ढकलला. एकदाच आणि नीट लागला तर लाल पुढे जाईल आणि पांढरा जागीच थबकेल. पबचा पांढरा हलका, म्हणून तो किंचित मागेही येईल. पण तो वरातीतल्या करवलीसारखा लालच्या मागोमाग त्याच वेगाने निघाला, तर क्यूने त्याला दोनदा शिवले आहे, हे नक्की समजावे. दुसरा प्रसंग असा : लाल आणि पिवळा शेजारी शेजारी, पांढरा दोहोंच्या बेचक्यात शिरला, आधी लागला कोणाला? ज्या कोरिओलिसच्या नावाने आपण भूगोलात वाऱ्यांची वळणे पाठ केली, त्या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या बॉलांच्या गतीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिसऱ्या पाइंटनंतर दोन साक्षीदारांना एकच टक्कर दोन वेगळ्या क्रमांनी दिसते, ही बाब त्याच्या समीकरणांच्या कक्षेबाहेरची. इथे रूढी शहाणी आहे. शॉट अटीतटीचा दिसत असेल तर मारण्याआधीच तिसऱ्याला ‘जरा बघतोस का’ म्हणून उभे करावे. तसे केले नसेल आणि नंतर मतभेद झाला, तर संशयाचा फायदा खेळणाऱ्याला. आणि तक्रार पुढच्या शॉटाआधी करावी. पुढचा शॉट गेला की दावा मुदतबाह्य.

उपमान म्हणजे माहीत असलेल्या वस्तूच्या साम्यावरून नवी वस्तू ओळखणे. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस रानात जातो आणि गवय ओळखतो. प्रत्येक पबमध्ये दूरदर्शनवर स्नूकर पाहून पूल ओळखणारा एक गृहस्थ असतो. तो ‘फाउल अँड अ मिस’ म्हणतो, बॉल पुन्हा पहिल्या जागी ठेवा म्हणतो. स्नूकरमध्ये फाउलला किमान चार गुणांचा दंड असतो, हे तो आठवण करून देतो. पूलमध्ये गुणच नसतात, याची त्याला फिकीर नसते. त्याला एवढेच सांगावे की गवय दिसला म्हणून त्याचे दूध काढायला बसू नये. आम्हीही एकदा उपमानाच्या आहारी गेलो होतो. त्या प्लंबरला आम्ही सांगितले, की तुझे हे स्नूकर मुळात आमच्या जबलपूरचे. १८७५ साली तिथल्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ते जुळवले, पुढे पंतप्रधान झालेला तो वेगळा; आणि पुण्यात जन्मलेले आमचे विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले होते. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘युअर शॉट, मेट.’ आम्ही वाकलो, मारला, आणि पांढरा घातला.

राहिले शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. विश्वासू माणसाने सांगितलेले ते ग्राह्य. या शास्त्राची सगळी मौज इथे आहे. कित्येक फाउल असे असतात की त्यांना एकच साक्षीदार असतो आणि तोच आरोपी असतो. बाही बॉलला घासली. वाकताना पोट लागले. लांबचा शॉट घेताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. आमच्या उंचीच्या माणसाला हा मोह पदोपदी होतो. निशाणा धरताना क्यूचे टोक पांढऱ्याला हलकेच शिवले आणि तो केसभर हलला. अशा वेळी चांगला खेळाडू स्वतःच क्यू खाली ठेवतो, ‘माझा फाउल’ म्हणतो आणि बाजूला होतो. आम्ही हे पाहिले आहे, त्या प्लंबरकडूनच. टेबलापलीकडून आम्हांला काही दिसले नव्हते. तो म्हणाला, ‘टू शॉट्स टू यू’, आणि ग्लासाकडे वळला. चाळीत असे कोणी करत नसे. तिथे स्ट्रायकर रेषेला टेकला नव्हता हे सिद्ध करायला चार घरांतली माणसे यायची आणि आरोपीची आई त्याच्या बाजूने बोलायची.

मुद्दाम केलेल्या फाउलबद्दल थोडक्यात. आपल्या बॉलकडे जायची वाट समोरच्याच्या बॉलांनी अडवलेली असते, तेव्हा काही जण पांढऱ्याला नुसते टोचतात, किंवा समोरच्याचा बॉल जाणूनबुजून कुशनला चिकटवून ठेवतात आणि ‘घे दोन शॉट’ म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या दंड भरला गेला. पण पब हा दंड पुरेसा मानत नाही. कुठे यासाठी डावच काढून घेतात, आणि बाकी ठिकाणी त्या माणसाशी पुढच्या वेळी कोणी खेळत नाही. निदान कुशनवरून वळवून पोहोचण्याचा प्रयत्न दिसला पाहिजे. तो फसला तर हरकत नाही, उलट प्रेक्षक टाळ्या देतात.

प्रायश्चित्तकांडात एकच विधी नोंदवण्याजोगा. आपला एकही बॉल न घालता जो हरला, त्याने पँट खाली करून टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घालावी, असा संप्रदाय आहे. आम्ही हा विधी मागितलेला अनेकदा पाहिला, झालेला कधी नाही. वाद टाळण्यासाठी आम्ही दर डावात एक सोपा लाल सुरुवातीलाच घालून मोकळे होतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तोच प्लंबर, तोच खांब. आमचे सातही लाल गेलेले आणि काळा मधल्या खिशाच्या तोंडाशी. त्याचे दोन पिवळे शिल्लक. टेबलाच्या कडेवर पुढच्या खेळाडूने पौंड मांडून ठेवलेला. आम्ही खिसा दाखवला, वाकलो, आणि लोकरी स्वेटरची बाही एका पिवळ्याला लागली. बॉल हलला नाही. हलला असेल तर लोकरीच्या एका धाग्याएवढा. आम्ही प्लंबरकडे पाहिले. तो क्यूला चॉक लावत होता. आप्तवाक्यावर वरचा परिच्छेद तेव्हा लिहून झाला होता, आणि तो आम्हाला आठवलाही. पण टेबलाखालच्या पुठ्ठ्यापासून समोरच्या खांबापर्यंत कोणालाही काही दिसले नव्हते. आम्ही मारला. काळा स्वच्छ गेला, पोटात गडगडला, शांत झाला. त्याच्या मागोमाग पांढराही डुलत डुलत त्याच खिशाच्या तोंडाशी आला, क्षणभर थांबला, आणि गेला.

काळ्याबरोबर पांढरा गेला की डाव जातो. याबद्दल कोणत्याही पंथात दुमत नाही.

पांढरा खडखडत बाहेर आला. प्लंबरने तो हाताने रेषेमागे ठेवला, आमच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, ‘बॅड लक, मेट.’ मग आमच्या स्वेटरच्या बाहीवरचा निळा चॉक त्याने दोन बोटांनी झटकला, आणि कडेवर पौंड ठेवलेल्या माणसाला हाक मारली.