दोन अंगणवाड्यांचं गाव

आमच्या गावात अंगणवाड्या दोन, म्हणजे पालकांना निवडीला भरपूर वाव. वरच्या आळीतली आयएसओ मानांकित: भिंतीवर छोटा भीम, हात धुवायला बेसिन, बेसिनला नळ, पाणी तेवढं मंजुरीच्या वाटेवर. खालच्या आळीतली समाजमंदिरात भरते. लग्नसराईत मुलांना सुट्टी, वर खिचडीऐवजी बुंदी. वजनकाटा दोघींत एक, तो कायम दुसरीकडे असतो. सेविकाताई मात्र दोन्हीकडे सारख्याच: मुलांना बडबडगीत म्हणायला लावून अंगणात मोबाईल उंच धरून रेंज शोधणाऱ्या. ‘पोषण ट्रॅकर’वर नोंद चढल्याशिवाय मूल जेवलं असं वर कोणी धरत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं. त्यांचं बरं होतं, तेव्हा रेंज लागत नव्हती. सरपंचांचा कौल विचाराल तर वरचीच भारी. त्यांचा नातू पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्लिश मीडियम नर्सरीत जातो.