काकाजींचं ऑडिट

यवतमाळात जपान पाहून आलेली माणसं आता सापडतात. जपानचं ऑडिट करून आलेले मात्र आमचे काकाजीच. जन्म सगळा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेला. समोर काहीही आलं की ते आधी बेरीज बघतात, सौंदर्य नंतर, वेळ उरला तर. लग्नात पानं मोजतात, अंत्ययात्रेत माणसं. ताजमहाल पाहून परतल्यावर "एस्टिमेट किती खेपा रिवाइज झालं असंल?" एवढंच बोलले होते.

मुलगा फुकुओकाला नोकरीला. २०१९ मध्ये त्याने बापाला हौसेने बुलेट ट्रेनमध्ये बसवून दीड तासात कागोशिमाला नेलं. (आपली शकुंतला रेल्वे तेवढ्या वेळात यवतमाळची हद्दही ओलांडत नसे, हे काकाजींनी शेजारच्या जपानी माणसाला ऐकवलं म्हणे. मराठीतून. तो वाकून नमस्कार करत राहिला.) स्टेशनसमोरच 'तरुण सात्सुमांचा समूह' हे उंच स्मारक आहे. १८६५ साली सात्सुमा संस्थानाने आपले तरुण सामुराई गुपचूप इंग्लंडला शिकायला धाडले, त्यांचं. तेव्हा देश सोडणाऱ्याला शोगुनच्या कायद्याने देहदंड होता. म्हणून पोरांनी खोटी नावं घेतली, बेटांवर सरकारी कामगिरीला जातो असं दाखवलं आणि थेट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन बसले. सर्वात धाकटा तेरा वर्षांचा. कॉलेजच्या वयात बसेना म्हणून त्याला स्कॉटलंडात ॲबरडीनच्या शाळेत घातलं. पुढे तो कॅलिफोर्नियात द्राक्षमळे पिकवून वाइनचा बडा कारखानदार झाला, आणि प्रवासापुरतं घेतलेलं 'नागासावा कानाए' हे नाव त्याला जन्मभर चिकटलं. दुसरा एक, मोरी आरिनोरी, जपानचा पहिला शिक्षणमंत्री.

मुलगा भारावून सांगत होता. काकाजींचं बोट हवेत फिरत होतं.

"बाबू, एकोणीस गेले म्हनतं ना तू? हे तं सतराच भरते."

मुलाने मोबाइलवर शोधलं. उरलेले दोघे सात्सुमाचे नव्हते; एक तोसाचा, एक नागासाकीचा. १९८२ साली स्मारक उभं करताना त्यांना वगळलं होतं.

"म्हंजे डोमिसाईल नव्हतं!" काकाजींचा चेहरा उजळला. "जहाजात बसले, जीव धोक्यात घातला, अन् हजेरीपटावर नावच नाही? बरोबर नाही हे. आक्षेप नोंदव."

स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत मुलाला तो आक्षेप जपानीत सांगावा लागला. खिडकीतल्या मुलीने तो लिहून घेतला, आभार मानले आणि वर एक नकाशा दिला. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्या दोघांचे पुतळे खरोखर बसले. कागोशिमाकरांची आपली कारणं असतील. काकाजींच्या दप्तरी मात्र परिच्छेदाचं अनुपालन झालं, आक्षेप निकाली निघाला.

तेव्हापासून दत्त चौकातल्या टपरीवर रोज एकच विषय. परदेशी शिकून आलेल्यांचा असाच चबुतरा यवतमाळात झाला पाहिजे. पैसा, जागा, परवानगी हे त्यांच्या लेखी किरकोळ. मुख्य प्रश्न पात्रतेचा.

आम्ही पांडुरंग खानखोजे सुचवले. जपानमार्गे अमेरिकेत जाऊन शेती शिकले, गदरवाल्यांत होते, मेक्सिकोत मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना भिंतीवर चितारलं.

"माणूस वाघ. पन वर्धेचा."

पंजाबराव देशमुख? बॅरिस्टर होऊन आले, देशाचे कृषिमंत्री झाले.

"पापळचे. अमरावती जिल्हा. तिकडं प्रस्ताव पाठवा."

बाबासाहेबांचं नाव निघालं तेव्हा काकाजींनी हातातला कप खाली ठेवला. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला. परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा रीतसर करारनामा. करारनाम्याचा उल्लेख काकाजी नेहमी थोडा सावकाश, चव घेत करतात. जन्म महूचा, हे कोणीतरी चाचरत म्हटलं.

"त्यायले डोमिसाईल मागाची कोनाची छाती हाय बे?" काकाजी कडाडले. "ते नियमात बसत नसन तं नियम बदला. पुढं बोला."

पुढे बोलायला उरलं कोण? शेवटी चहावाल्यानेच हुकमी पान टाकलं. लोकनायक बापूजी अणे! जन्म वणीचा, वकिली यवतमाळला, अस्सल जिल्ह्यातला माणूस. शिवाय १९४३ साली सिलोनला गेलेले, म्हणजे परदेशही झाला.

टपरी शांत झाली. काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बापूजी गेले ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हनून," ते म्हणाले. "शिकाले नाही. लेखाशीर्ष वेगळं पडते."

आणि चहाचे पैसे द्यायची पाळी कोणाची, याची नोंद काढायला त्यांनी खिशातली वही उघडली.