चरखी आणि काठावरचे सल्ले

आमच्या हिमायतनगरात वस्तूची किंमत दुसऱ्या क्रमांकावर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "टिकल का?" मोटार पंप असो, पत्रे असोत, नाहीतर सोयरीक असो, प्रश्न तोच. कापूस-सोयाबीनवर संसार चालवणाऱ्याला पाऊस टिकेल की नाही, भाव टिकेल की नाही, याची हमी कुणीच देत नाही. मग पैसे मोजून घेतलेल्या वस्तूनं तरी टिकावं, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. त्यामुळे गळाच्या काठीला लावायची चरखी घ्यावी म्हणतो, असं मी बोललो, तेव्हा घरातून, गल्लीतून आणि चहाच्या हॉटेलातून हाच सवाल आला. मासा सापडेल का, असं मात्र कुणी विचारलं नाही. त्याबाबत सगळ्यांची मतं आधीच पक्की होती.

आमची नदी पैनगंगा. तालुक्याच्या उत्तरेला विदर्भाची शीव धरून ती वाहते आणि पुढे सहस्रकुंडाला काळ्या खडकांवरून खाली कोसळते. एका काठावर नांदेड जिल्हा, दुसऱ्यावर यवतमाळ. पावसाळ्यात तिच्याजवळ जाववत नाही आणि उन्हाळ्यात तिला शोधावं लागतं. वरच्या इसापूर धरणातून पाणी सुटलं तर ती नदी, नाहीतर नुसते डोह. जाळ्याचं काम भोई मंडळींचं आणि ते त्यांनीच करावं. तलावांचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, तिथं विचारल्याशिवाय काठी काढायची नाही. उरतो तो गळवाला. पोटासाठी नाही आणि पुण्यासाठी तर नाहीच नाही, असा हा उद्योग करणाऱ्याला गावात फारसं मानाचं स्थान नसतं.

जुन्या गळवाल्याचा सरंजाम अगदी आटोपशीर. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोर, बुचाचा तुकडा आणि गांडुळांचा डबा. यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडणाराही नाही. टिकाऊपणाच्या परीक्षेत बांबूला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. अडचण एवढीच, की बांबू जिथवर पोचतो तिथवर मोठा मासा सहसा येत नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात हिंडतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सायप्रिनस तर गाळात तोंड खुपसून बसतो. हा मूळचा आपला नव्हे. १९३९ साली तो सिलोनहून निलगिरीत आला आणि १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली. आता तो तलावातलाच झाला आहे आणि आमिषाला हात लावण्यापूर्वी एखाद्या जुन्या सावकारासारखा चार वेळा उलटसुलट तपासून बघतो. अशा माशासाठी पेंड, ज्वारीचं पीठ आणि गूळ मळून केलेला गोळा शिशाच्या वजनासह डोहाच्या मध्यापर्यंत फेकावा लागतो. फेकताना बऱ्याचदा गळ पुढे जातो आणि गोळा मागे, काठावर बसलेल्यांच्या दिशेनं. इथवर सगळं निभावलं, की मग लागते चरखी.

हा नाद रिकामटेकड्यांचा, असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक भारदस्त उत्तर आहे. लातूरची हद्द ओलांडली की बिदर जिल्ह्यात बसवकल्याण लागतं. ती चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसं करावं इथपासून जेवावं काय इथपर्यंत त्यात सगळं आहे आणि 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणही आहे. मासे कोणकोणते, कुणाला काय चारावं, काठी आणि दोर कसा असावा, हे राजानं तपशिलात सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे आमच्या शेजारचा एक राजा राज्यकारभारातून वेळ काढून माशांना पिठाचे गोळे चारत होता. हे घरी सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "त्यांच्याकडं राज्य होतं."

सोमेश्वराकडे राज्य होतं, पण चरखीचं चित्र मिळतं ते चीनमध्ये. मा युआन या चित्रकारानं ११९५च्या सुमारास थंडगार सरोवरात होडीवर एकटा बसलेला म्हातारा काढला आणि त्याच्या काठीला एक छोटं चाक दाखवलं. पुढची कित्येक शतकं चरखी तशीच राहिली. दोर सुटताना चाक फिरायचं. वजन पाण्यात पडून थांबलं तरी चाकाला ते कुणी सांगायचं नाही. ते आपलं फिरतच राहायचं आणि दोराचा असा गुंता व्हायचा, की उरलेला दिवस तो सोडवण्यातच जायचा.

हा गुंता सोडवला तो लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातल्या माणसानं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ साली नव्या चरखीचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिन जागच्या जागी राहतं आणि सूत त्याच्या टोकावरून सरसर निघतं. त्याच तत्त्वावर त्यानं चरखीचं रीळ स्थिर केलं. फेकताना तंगूस रिळाच्या तोंडावरून सुटतो. गुंडाळताना रीळ फिरत नाही, त्याच्याभोवती एक तारेची कमान फिरते. आज दुकानात मिळणारी चरखी बहुधा याच घराण्यातली. तिच्या नात्यात सायकलही आहे. चरख्यांमध्ये मोठं नाव असलेली जपानची शिमानो ही कंपनी १९२१ साली साकाई शहरात सुरू झाली ती सायकलचं फ्रीव्हील बनवण्यासाठी. चरख्यांकडे ती वळली १९७०च्या सुमारास.

हे कळल्यावर माझी भीड गेली. चरखी म्हणजे काही परदेशी गूढ यंत्र नव्हे. एका बाजूनं ती गिरणीची नात, दुसऱ्या बाजूनं सायकलची भाची. आणि ही दोन्ही घराणी आमच्या ओळखीची. नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये बॉबिन हाताळलेले काका अजून गल्लीत आहेत आणि सायकलवाल्या चाचांचं दुकान कोपऱ्यावर आहे. मग तज्ज्ञ शोधायला हैदराबादला कशाला जायचं?

चरखीच्या खोक्यावर बेअरिंगचा आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो. कुठे सात, कुठे तेरा, आणि किंमत जितकी कमी तितका आकडा मोठा. मी तेरा बेअरिंगची एक स्वस्त चरखी चाचांपुढे ठेवली. त्यांनी मूठ धरून हलवली. मूठ हलली, मुठीबरोबर चरखीही हलली. "छर्रे तेरा हैं, मगर बैठे कहाँ हैं?" एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्यात सगळं आलं. छर्रे कितीही असोत, ज्या खोबणीत ते बसतात तीच सैल असेल, तर जास्त छर्रे म्हणजे जास्त खुळखुळाट. चार-पाच चांगली बेअरिंगं, न लवचणारं अंग आणि भक्कम दाते असले की पुरे. आतला छोटा दाता पितळी असावा. मोठा दाता पुष्कळदा ओतीव जस्ताचा असतो. तो नीट बसवलेला असला तर चालतो, नसला तर पितळाशी रोज भांडून झिजतो.

काकांची तपासणी वेगळी. त्यांनी मूठ अगदी हळू फिरवली आणि कान लावला. जोरात फिरवली तर कोणतीही चरखी गुळगुळीतच वाटते, खरखर कळते ती हळू फिरवल्यावर. मग त्यांनी रिळाच्या कडेवरून नख फिरवलं. तिथं बारीकशी कपर असेल तर प्रत्येक फेकीत तंगूस सोलला जातो. शेवटी कमानीवरची छोटी गरारी फिरते का ते पाहिलं. तंगूस तिच्यावरूनच वळतो. ती अडकली की तो एकाच जागी घासून तुटतो आणि दोष मात्र माशाला जातो.

वॉरंटीचा कागद मीच वाचला. पाणी शिरल्यास, वाळू गेल्यास, आपटल्यास कंपनी जबाबदार नाही. म्हणजे नदीवर नेली नाही, तर ती मुदतभर नक्की चालेल.

शेवटी घेतली ती मध्यम किमतीची, मध्यम अंगाची आणि कमी बेअरिंगची. तीत पाव किलोमीटरभर तंगूस सहज मावतो. बाजूच्या झाकणाला साधे स्क्रू आहेत, हे चाचांना सगळ्यांत आवडलं. जी वस्तू पेचकसानं उघडत नाही, ती आमच्याकडे टिकाऊ मानत नाहीत. ती बिघडत नाही तोवरच चालते, एवढंच. पैनगंगेची बारीक वाळू आणि काळ्या मातीची धूळ कुठेही शिरते. म्हणून वर्षातून एकदा उघडून, पुसून, ग्रीसचं बोट फिरवावं लागतं. शिवाय वाळूवर ठेवायची नाही आणि फेकल्यावर कमान मूठ फिरवून नाही, हातानं मिटायची. एवढा नेम पाळला, तर साधी चरखीही पुष्कळ वर्षं साथ देते.

पण चरखीचा खरा जीव ड्रॅगमध्ये असतो. रिळाच्या टोकावरच्या गुंडीखाली चकत्या असतात. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला, की त्या घसरतात आणि तंगूस सुटू देतात. तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर ती गुंडी बसवावी, असा जाणत्यांचा दंडक. सायप्रिनसवाल्यांसाठी तर मागे खटका असलेली चरखीही मिळते. खटका पाडला की मासा आमिष घेऊन खुशाल पळतो, मूठ फिरवली की लगाम लागतो. ही सोय नसलेले लोक काठी दगडाखाली दाबून विडी ओढायला जातात आणि परत येतात तेव्हा काठी डोहाच्या मध्यावरून निघालेली असते.

चरखी टिकते ती ओढल्यानं नव्हे, सोडल्यानं. चार किलोचा रोहू उधळला की तिनं कर्रकर्र करत तंगूस द्यायचा, आपण काठी उभी धरून गप्प राहायचं. तो दमला की थोडं गुंडाळायचं, पुन्हा पळाला तर पुन्हा द्यायचं. दाते मोडतात ते मासा पळत असताना मूठ रेटणाऱ्यांचे. तंगुसाला पीळ पडतो तोही त्यांच्याच. हे सगळं मला पाठ आहे. पण मासा लागल्याची बातमी डोहावर कशी पसरते कुणास ठाऊक. गुराखी येतात, धुणं टाकून बाया उभ्या राहतात, पलीकडच्या काठावरून विदर्भही ओरडतो, आणि सगळे मिळून एकच सल्ला देतात, "ओढ की! ओढ!" इतक्या जणांचं मन मोडून तंगूस सोडत राहायला चरखीपेक्षा मालकाचेच दाते बळकट लागतात.

म्हणून चरखी घ्यायला निघालेल्याला मी दोनच गोष्टी बघायला सांगतो. ती पेचकसानं उघडते का, आणि मासा लागेल तेव्हा काठावर कोण कोण असणार आहे.