काड्या करणारे सुलभक

शिक्षकांसमोर बोलणं सोपं. शिक्षकांना बोलतं करणं त्याहून सोपं. अवघड असतं ते त्यांना थांबवणं. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत सुलभक म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. ही पंधरा मिनिटं अर्थातच प्रतिमापूजन, स्वागतगीत, पुस्तक देऊन सत्कार आणि 'वेळेअभावी थोडक्यात' आटोपलेलं अर्ध्या तासाचं प्रास्ताविक यांच्यानंतर सुरू होतात.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. ते तास कुठेतरी बसवावे लागतातच. मग बाकं व्हरांड्यात जातात, सतरंजी आत येते, आणि पत्रिकेवर पहिला विषय झळकतो, 'अध्ययन निष्पत्ती : आव्हाने आणि उपाय'. चार वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं.

परिसंवादातली सात मिनिटं किती ताणता येतात, हे साहित्य संमेलनाच्या मांडवात बसलेल्यांना सांगायला नको. "मी फार वेळ घेणार नाही" असं पहिल्या वक्त्याने म्हटलं की जाणकार पाठ भिंतीला टेकवतात. सुलभक चिठ्ठी पाठवतो. वक्ते ती शांतपणे वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळतात. मागच्या रांगेत एकीकडे मोबाइलवर पोषण आहाराचा आजचा आकडा भरणं चालू असतं. शेवटी "कुणाला काही प्रश्न?" म्हटल्यावर एक हात वर होतो. "प्रश्न नाही सर, एक अनुभव सांगतो."

अशा कोंडीवर कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीत 1995 साली एक तोडगा निघाला. ह्वानिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी जमलेली मंडळी पावसामुळे बाहेर बसू शकली नाहीत. आतच छोटी छोटी टेबलं मांडली गेली, माणसं कागदी टेबलक्लॉथवर टिपणं काढत टेबलं बदलत बोलू लागली, आणि त्यातून 'वर्ल्ड कॅफे' ही पद्धत उभी राहिली. आपल्याकडे सतरंजीवर तीच पद्धत वापरली तर गट फिरतात खरे, पण एका शाळेतले दोघे जण कुठेही गेले तरी शेजारीशेजारीच बसलेले सापडतात.

त्यापेक्षा जवळचा आणि स्वस्त उपाय तेव्हाच्या होशंगाबादला सापडला होता. मध्य प्रदेशातल्या 16 शाळांत 1972 साली तिथला विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता 1978मध्ये पुण्यातल्या टेल्कोतून रजा काढून तिथे गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब नि आगपेटीच्या काड्या घेऊन बसले. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षं खेळणी बनवली. 2018मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती अगदी साधी. ट्यूबचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कापायचा, काडीचं गूल खरवडायचं, तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चौकोन मात्र बोट लावताच कलंडून शंकरपाळी होतो. आता सतरंजीवर बघा. सकाळपासून तोंड न उघडलेले, निवृत्तीला टेकलेले गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून चौकोनात तिरपी काडी बसवू पाहतात. ती आखूड पडते. शेजारच्या बाई म्हणतात, "अहो गुरुजी, कर्ण बाजूपेक्षा मोठाच असणार ना!" गुरुजी हसतात, दोन काड्या जोडतात, जास्तीचा भाग ब्लेडने छाटतात आणि वर पत्र्याकडे बोट दाखवतात. छपराला कैची का लागते, ते आता सगळ्यांना एकदम सांगायचं असतं.

आणि मग खरी चर्चा सुरू होते. नजर काडीवर असते, समोर माइक नसतो, त्यामुळे भाषण करायला वावच उरत नाही. "माझ्या चौथीतल्या निम्म्या पोरांना हातच्याची वजाबाकी जमत नाही," असं एक सर ट्यूब कापता कापता बोलून जातात. मंचावरून हे वाक्य कधी ऐकू येणार नाही, तिथे सगळ्यांचे वर्ग शंभर टक्के प्रगत असतात. दुसरे विचारतात, "पैशांनी करून बघितलंत का? दहाची नोट मोडून सुटे करायला लावा." तिसऱ्या बाई सांगतात की सुटे संपले की पोरं थेट खाऊचं दुकानच मांडतात. सुलभक गप्प बसतो. त्याच्या 50 तासांतलं हेच सर्वांत कठीण काम. पत्रिकेत परिसंवाद आधी आणि कार्यशाळा जेवणानंतर ठेवणाऱ्यांनी हा क्रम एकदा उलटून पाहावा. उशिरा सुरू झालेल्या परिसंवादात वक्तेही थोडकं बोलतात, कारण श्रोत्यांना बोलायची घाई असते.

राहिला अहवाल. उपस्थितीपत्रक आणि पाच फोटो संध्याकाळपर्यंत वर पाठवायचे असतात. पाचही फोटोंत झाडून सगळ्यांच्या माना खाली. रात्री वरिष्ठांचा फोन येतो, "अहो, परिषदेत सगळे झोपले होते का? परत एक फोटो पाठवा, मंच आणि बॅनर दिसेल असा."