नाक मुठीत धरून नरखेडला

फिनाइल, अत्तर, उदबत्ती, ऑइलपेंट, डासांची कॉइल यांपैकी कशाचाही वास आला की ज्याचं डोकं ठणकतं, छाती भरून येते आणि पुढचे दोन तास बायकोचं नावसुद्धा आठवत नाही, अशा माणसानं लग्नाला जाऊ नये. आत्याच्या घरच्या लग्नाला तर नाहीच नाही. पण मला आत्या एकच, ती दिली नरखेड तालुक्यात, आणि तिच्या धाकट्याचं लग्न निघालं फेब्रुवारीत.

दुखण्याला 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' हे भारदस्त नाव मार्क कलेन या अमेरिकन डॉक्टरनं 1987 साली दिलं. त्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकात, शिकागोचे थेरॉन रँडॉल्फ हीच तक्रार मांडत होते, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या मंडळींना ती पटत नव्हती. 1996 मध्ये बर्लिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानं बैठक झाली. तिथं सूर निघाला की कारण सिद्ध झालेलं नाही, तेव्हा नावातलं 'केमिकल' काढा. पुढं पेशंटला कळू न देता कधी खरं रसायन, तर कधी नुसती हवा हुंगायला देऊन प्रयोग झाले, आणि बऱ्याच जणांना दोन्हींनी सारखाच त्रास झाला. म्हणजे डोकं दुखतं हे खरं, कशानं दुखतं ते मात्र ठरेना. माझ्या सासूबाई हाच निष्कर्ष एका शब्दात सांगतात: "नखरे."

तर नखऱ्यांचं सामान बांधलं. रिठ्याच्या पाण्यात धुतलेली चादर, तसाच टॉवेल, बिनवासाचा साबण, कोळशाच्या थराचा मास्क आणि एक जादा मास्क. नागपूर स्टेशनवर पोलिसानं एकवार माझ्याकडे आणि दोनवार पिशवीकडे पाहिलं.

गाडीत शेजारी आला तो बॉडी स्प्रेनं आंघोळ केलेला तरुण. कळमेश्वरपर्यंत मी खिडकीबाहेर मान काढून गेलो. मेटपांजऱ्याच्या आसपास समोरच्या बाईंनी संत्रं सोललं आणि सालीचा फवारा थेट माझ्या नाकावर आला. आता संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं लिमोनिन. ज्या फरशीच्या लिक्विडपायी मी घरात तीन दिवस अबोला धरला होता, त्याचा लिंबूवास याच घराण्यातला. नियमानं मी तिथंच आडवा व्हायला हवा होतो. काही झालं नाही. उलट बाईंनी चार फोडी पुढं केल्या, त्या खाल्ल्या. बर्लिनची मंडळी डब्यात नव्हती हे माझं नशीब.

नरखेड जंक्शन आहे. इटारसीकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनला अमरावतीची लाइन इथं येऊन मिळते, आणि बाहेर ऑटो मिळतो. ऑटोत आरशाला मोगऱ्याची डबी लटकलेली, खाली देवापुढं उदबत्ती. मी अडचण सांगितली. चालकानं डबी मुकाट्यानं काढून खिशात घातली. उदबत्तीकडे बोट केल्यावर म्हणाला, "डबी माही होती, ते काढली. हे देवाची आहे जी. तुमी तिकून बसा, तोंड भाईर ठेवा."

मोवाडच्या रस्त्याला लागलो की दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. खोडांना मोरचूद आणि चुन्याची निळसर पांढरी पेस्ट लावलेली, म्हणजे झाडंच्या झाडं हाफपँट घालून कवायतीला उभी. डिंक्यापासून बचावासाठी हे करतात: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, दहा लिटर पाणी. फेब्रुवारी म्हणजे एकीकडे मृगाचा माल उतरतोय, दुसरीकडे आंबिया फुटतोय. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं ते हेच, अर्धंअधिक नागपूर शहराच्या नजरेआड पिकणारं.

आत्यानं दारातच ओळखलं. "काहून रे बाबू, तोंड बांधून आला? दरोडा टाकाले आला का?" मग माझा हात धरून आतल्या खोलीत नेलं. "पाय, तू येनार म्हून खास रंगवली. अजून वली आहे, हात नोको लावू." खोली हिरवीगार ऑइलपेंटची होती. कोपऱ्यात माझ्या सन्मानार्थ चंदनाची उदबत्ती, गादीवर डांबरगोळ्यांतून आत्ताच निघालेली दुलई. आपल्याकडे प्रेम वासानंच व्यक्त होतं. पाहुणा शुद्धीवर असणं आवश्यक धरत नाहीत.

मी गच्चीवर बिऱ्हाड मांडलं. रात्री आंबियाच्या फुलांचा घमघमाट असा उठला की मास्क काढून बसलो. त्यातही लिमोनिन असतं, लिनालूल असतं, अत्तरवाले ज्याला जपतात ते सगळं असतं. नाकानं हरकत घेतली नाही. माझ्या नाकाला फुकटचा वास चालतो, बाटलीतला चालत नाही, असं फुफाजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वऱ्हाडाला समजावून सांगितलं.

पहाटे पलीकडच्या बागेत पंप सुरू झाला आणि मी गच्चीवरून खाली आलो तो पायऱ्या न मोजता. नव्या पालवीवर सिला नावाची कीड बसते, तिच्यावर फवारणी. फवारणारा गडी तासाभरानं बांधावर बिडी ओढत बसला होता. पायांत चप्पल, तोंडाला दुपट्टा, बाह्या भिजलेल्या. माझी कथा त्यानं फार आस्थेनं ऐकली.

"मंग तुमाले अत्तरानं गरगरते?"

"हो."

"मले बी गरगरते जी, पर हे मारल्यावर. जेवन जात नाई. मंग गूळ खातो."

दोन्ही गोष्टी एक नव्हेत. त्याची ती सरळ विषबाधा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा कुणाला नुसती हवा हुंगवून खात्री करून घ्यायची वेळ आली नव्हती. माझ्या दुखण्यावर चार परिषदा झाल्या आणि याच्यावर उपाय गूळ, हे मला त्या बांधावर जरा अवघड वाटलं. मी जादा मास्क पुढं केला. हा धुळीपुरता, औषधाचा वेगळा असतो, हेही सांगितलं. "कितीले भेटला?" त्यानं विचारलं. किंमत ऐकून तो परत दिला. "याच्यात तं माहा दिवस येते." शेवटी ठेवून घेतला, पण फवारणीसाठी नव्हे, संध्याकाळी लग्नात घालायला.

लग्नात आत्यानं माझी पुरती सोय लावली. माइक हाती घेऊन तिनं जाहीर केलं, "नागपूरच्या आमच्या भाच्याले वासाची बिमारी आहे, सेंट लावून कोनी त्याच्याजवळ जाऊ नोका!" त्याबरोबर सेंट लावलेला सगळा मांडव बिमारी पाहायला आला. एकानं नाकात गायीचं तूप सुचवलं, दुसऱ्यानं नजर उतरवायला सांगितली. गर्दी ओसरली तेव्हा लक्षात आलं, काही जण जातच नाहीयेत. एक मास्तरीण होत्या, त्यांना मार्करपेनानं डोकं धरतं. एका काकूंना हळदीकुंकवाला अत्तर लावलं की रात्रभर शिंका. फवारणीवाला मास्क लावून ऐटीत बसलेला. दर दहा मिनिटांनी आणखी कुणीतरी हळूच खुर्ची ओढून येई आणि आपला वास सांगे.

मांडवाच्या त्या कोपऱ्यात बघता बघता वीसेक खुर्च्या भरल्या. मधोमध मी, आजूबाजूला ही मंडळी मान डोलावत. गुलाबदाणी घेऊन फिरणाऱ्या पोरानं लांबून पाहिलं, आमदार आले असं समजला, आणि बाकीच्या रांगा सोडून, दाणी काठोकाठ भरून घेऊन, सरळ आमच्याकडे धावत सुटला.