उंबरठ्याबाहेरचा कॅमेरा

नाना रेल्वेत गार्ड होते. 2022 साली रेल्वेने गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरवलं, तोवर नाना निवृत्त झाले होते. झाले नसते तरी त्यांनी ते नाव लावून घेतलं नसतं. “मॅनेजर पुढे बसतो, आम्ही मागे,” हा त्यांचा युक्तिवाद. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढल्यामुळे मनमाड, नांदगाव, न्यायडोंगरी, चाळीसगाव हे सारं जग त्यांनी लांब जातानाच पाहिलं. येणारं काही कधी दिसलं नाही. दिसलं ते गेलेलं. अशा माणसाच्या हातात कॅमेरा आला तर तो आधी काय बघणार? फोटो कसा येईल हे नव्हे, कॅमेरा कसा जाईल हे.

कॅमेरा मुलाने घेऊन दिला. दुधीभोपळ्याएवढी लेन्स मात्र नानांनी स्वतः नाशिकला एका हौशी माणसाकडून वापरलेली घेतली, बिलाशिवाय. दोन्ही मिळून सव्वादोन लाख. एवढ्यात बुलेट येते आणि बुलेटला निदान थर्ड पार्टी विमा कायद्यानेच लागतो. कॅमेऱ्याला लागत नाही. पण कायदा जिथे सक्ती करत नाही तिथे नाना स्वतःवर करतात. गावात मला ‘मास्तर’ म्हणतात आणि मास्तरला इंग्रजी येतं असा एक जुना समज आहे. त्या समजापोटी विम्याचे कागद घेऊन नाना माझ्या ओट्यावर येऊ लागले, ते चार महिने येतच राहिले.

सुरुवातीला वाटलं, घरगुती सामानाच्या विम्यात भागेल. एजंट मुलगा म्हणाला, “काका, घरात आहे तोवर तो सामान. उंबरठा ओलांडला की वेगळा. त्याला ऑल रिस्क घ्यावी लागेल.”

‘ऑल रिस्क’ हे शब्द ऐकून नानांचा चेहरा सिग्नल मिळाल्यासारखा उजळला. मग त्यांनी चष्मा लावला. सगळे धोके सामावून घेणारा मजकूर दोन ओळींचा होता आणि ‘खालील बाबी वगळून’ साडेतीन पानांचा. युद्ध वगळून, अणुकिरण वगळून, झीज वगळून, बुरशी वगळून. युद्ध आणि अणुबॉम्ब नानांनी मोठ्या मनाने सोडून दिले. ते अडले ‘गूढरीत्या नाहीसं होणं’ या शब्दांशी.

“वस्तू कुठे गेली ते ठाऊक असतं,” ते म्हणाले, “तर विमा कशाला मागितला असता? जाऊन आणली नसती?”

एजंटाने प्रशिक्षणात शिकवलेलं हसू हसून दाखवलं. मी समजावून सांगितलं की चोरीचा काहीतरी पुरावा हवा, पोलिसात तक्रार हवी. नुसतं ‘सापडत नाही’ चालत नाही. शहाणपणा करून वर हेही सांगितलं, की 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने एका घरफोडीच्या पॉलिसीबाबत निकाल दिलाय. पॉलिसीत ‘बळाचा वापर’ असं लिहिलेलं असेल तर चोराने काहीतरी फोडलेलं, तोडलेलं असायला हवं. उघड्या दारातून आला आणि घेऊन गेला, तर ती चोरी खरी, पण त्या पॉलिसीतली घरफोडी नव्हे.

हे मी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी नानांच्या मागच्या दाराला तीन कुलपं लागली. “चोराला कष्ट पडले पाहिजेत,” ते म्हणाले, “तरच आपल्याला पैसे.” त्या दारातून काकू परसात कांदे वाळत घालायला जातात. आता दर खेपेला तीन किल्ल्या. चौथ्या दिवशी त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “सगळं झालं असेल तर कॅमेऱ्याला वारस कोण लावलाय तेवढं सांगा. मला ठेवू नका, मला लेन्सचं झाकणही उघडता येत नाही.”

हप्ता निघाला साडेतीन हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. एजंट म्हणाला, “काका, जड वाटत असेल तर निम्म्याच किमतीचा उतरवा.” नानांनी माझ्याकडे पाहिलं. विम्याच्या व्यवहारातली ही सगळ्यात फसवी पायरी आहे आणि भलेभले तिच्यावरून घसरतात. सव्वादोन लाखांची वस्तू निम्म्या किमतीला उतरवली तर नुकसानही कंपनी साधारण निम्मंच भरते; उरलेल्या निम्म्याचे विमाकर्ते आपणच आहोत असं धरलं जातं. नानांनी हिशोब केला. “म्हणजे अर्धा कॅमेरा फुटला तर मला पाव मिळणार.” पूर्ण किमतीचा उतरवायचं ठरलं. ठरलं, आणि बिलाशिवायच्या लेन्सवर अडलं. तिचा नंबर होता, मूळ मालक होता, पण तो मूळ मालक बिल शोधतो म्हणाला तो अजून शोधतोय. शेवटी बिलाचा कॅमेरा आणि किमतीचा दाखला मिळवलेली लेन्स अशी वेगवेगळी नोंद झाली. त्या दाखल्यासाठी नाना नाशिकला तीनदा गेले. एसटीने. कॅमेरा घरी ठेवून.

कॅमेरा घेऊन ते रेल्वेने जात नाहीत. रेल्वेने पोसलेला माणूस, पण रेल्वे कायद्याचं कलम 100 त्यांना तोंडपाठ आहे: जवळचं सामान हरवलं तर रेल्वेच्या माणसांचा निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय रेल्वे जबाबदार नाही. 2023 साली एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले लाख रुपये गाडीत चोरीला गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला जबाबदार धरायला नकार दिला. ती बातमी नानांनी कापून ठेवली आहे. ऑनलाइन तिकिटाबरोबर अर्ध्या रुपयापेक्षाही कमी पैशांत प्रवाशाचा दहा लाखांपर्यंतचा विमा निघतो. तो अपघाताचा, माणसाचा. “मी मेलो तर दहा लाख,” नाना म्हणतात, “आणि माझा कॅमेरा गेला तर मनमाडला लेखी तक्रार.”

एकदा मी त्यांना फाळक्यांचं सांगितलं. दादासाहेब आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले, 1912 साली लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला आणि पुढच्या वर्षी 3 मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. नानांना जरा चेव यावा, कॅमेरा बॅगेतून निघावा, एवढाच माझा हेतू. नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि त्या कॅमेऱ्याचा विमा?”

पॉलिसी हाती आल्यावर नानांनी गार्डाच्या सवयीने वही घातली. गाडीचा मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा माणूस तो. आता कॅमेऱ्याचा ठेवू लागला. त्यातलं एक पान मी पाहिलंय:

“6.10 उंबरठा सोडला. 6.45 माणिकपुंज धरण. 6.50 बॅग उघडली नाही, धूळ. 7.05 धूळ बसली, वारा सुटला. 7.20 खंड्या दिसला, चांगला जवळ. 7.21 बॅग उघडली. 7.21 खंड्या गेला. 7.30 बॅग बंद. 8.10 उंबरठा. सामान पूर्ण.”

ममदापूरच्या काळविटांचंही असंच झालं. नांदूरमध्यमेश्वरला तर तिथल्या वाटाड्याने दुर्बीण पुढे केली, आणि नानांनी आधी दुर्बीण कोणाची, पडली तर कोण भरणार, ते विचारून घेतलं. कॅमेऱ्याचे मात्र फोटो पुष्कळ आहेत. पुढून, मागून, नंबरासकट, बिलासकट, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून. सगळे मोबाइलवर काढलेले. कॅमेऱ्याने जितके फोटो काढले, त्याहून जास्त कॅमेऱ्याचे निघालेत.

नानांना हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण 2021 च्या सप्टेंबरात लेंडी आणि शाकांबरीचं पाणी नांदगावच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा चिखलाने भरलेल्या दुकानापुढे उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला साडेतीन पानं वाचायला वेळ मिळाला असेल असं वाटत नाही. नानांनी ती वाचली होती, तीही मला मोठ्याने वाचायला लावून.

मग भाचीचं लग्न आलं. मामा म्हणून नानांना मान होताच, शिवाय मेहुण्यांनी गळ घातली, “एवढा कॅमेरा आहे, चार फोटो तुम्हीच काढा.” नानांनी काढले. खरंच काढले. हळद लागताना त्यांनी दोन हात लांबून, भिंतीला पाठ लावून, पट्टा गळ्यात दोन वेढे देऊन फोटो काढले, आणि ते चांगले आले. मी पाहिलेत. भाचीच्या एका फोटोत कानामागे हळदीचं बोट राहिलंय, ते आईलाही दिसलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मेहुण्यांनी टॉवेल-टोपी दिली आणि नानांच्या खिशात पाकीट सरकवलं. पाचशे एक. नाना जागीच थिजले. पॉलिसी होती ‘वैयक्तिक वापराची’. पैसे घेऊन फोटो काढले तर धंदा. धंदा केला तर पॉलिसी वेगळी, हप्ता वेगळा, आणि उद्या काही झालं तर सर्व्हेयर हे पाकीट बाहेर काढणार. त्यांनी पेन मागितलं. पत्रिकेच्या मागे लिहिलं: “रुपये 501 हे फोटोंचे मानधन नसून मामाचा मान आहे.” मेहुण्यांना सही करायला लावली. साक्षीदार म्हणून मला. दुसरा साक्षीदार वरपक्षाकडचा हवा, म्हणून व्याह्यांचा शोध सुरू झाला. तिकडे भटजी माइकवरून ओरडत होते, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” अंतरपाट धरणारे दोघे हात बदलत होते. व्याही सापडले ते पाटावरच. त्यांनी कागद न वाचताच सही केली, म्हणून नानांनी तो त्यांना वाचून दाखवला.

त्या दिवसाची नोंद वहीत आहे:

“12.17 मुहूर्त. 12.26 नवरी सुटली. नऊ मिनिटं डिटेन्शन. कारण: कागदपत्र.”