वीतभर नौदल

भारतीय नौदलात सी हॅरियर १९८३ साली आलं आणि २०१६ साली गोव्याच्या ‘हंसा’ तळावर निवृत्त झालं. साडेचौदा मीटरचं हे जेट प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या टेबलावर एकास बहात्तर प्रमाणात जेमतेम वीतभर उतरतं. पण थाट काय वर्णावा! चारही फिरते नोझल खाली वळलेले हवेत की मागे, यावरून जिवलग मित्रांत अबोला. शेपटीवरचं पांढऱ्या वाघाचं चित्र पाण्यात भिजवून चिमट्यानं चिकटवताना घरात पंखा लावायचा नाही. शिंकायचं तर गॅलरीत जाऊन. करड्या रंगाची छटा जराशी चुकली, की कुळाला बट्टा!

हसा खुशाल. पण ही विमानं जिच्यावरून उडाली, त्या विमानवाहू ‘विराट’चं काय झालं? महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं २०१८ साली तिचं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. २०२० साली ती अलंगला भंगारात निघाली. आधीच्या ‘विक्रांत’चीही मुंबईत तीच गत झाली.

तेव्हा जतनाचं खातं सरळ या चिमटेवाल्यांकडे सोपवावं. खर्च फार नाही: गोंदाची एक बाटली आणि थोडीशी लाज.